गोव्यात पहिल्या वर्षाला येताय? कुठली हॉस्टेलं बघायची ते आधी घरी ठरवा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, कधी कुडाळ. "अगं, मुलीला पणजीला ॲडमिशन मिळतेय. तू तिथलीच. हॉस्टेल कुठलं चांगलं?" मी राहते डिचोलीत. पण सीमेपलीकडच्या माणसाला डिचोली, पणजी, मडगाव हे सगळं एकाच आळीत असल्यासारखं वाटतं, आणि त्यात त्यांची चूक तरी काय? गोवा आहेच मुळी ३,७०२ चौरस किलोमीटरचा. नकाशावर बोट ठेवलं की अर्धा तालुका झाकला जातो. बसनं फिरायला लागलं की मग कळतं.

गेल्या जूनमध्ये माझी ताई भाचीला घेऊन आली, ती पर्समध्ये एक कागद घेऊनच. त्यावर अकरा नावं. काही ओळखीच्यांनी सांगितलेली, काही इंटरनेटवरून उतरवलेली, आणि एक तर चक्क पर्यटकांचं लॉज निघालं. बेत असा की दोन दिवसांत सगळी बघून टाकायची. मी म्हटलं, "ताई, अकरा बघशील तर कुठल्या खोलीत पंखा होता आणि कुठल्या खोलीत ढेकूण, हे संध्याकाळी तुला सांगता यायचं नाही." रात्री जेवणं झाल्यावर ताटं बाजूला सारून तिथंच बसलो आणि सहा नावं खोडली, दुसऱ्या दिवशी फोनवर आणखी दोन. तिसऱ्या दिवशी उरलेली तीन बघितली. ती खोडाखोड कशी केली आणि त्या तीन जागी काय बघितलं, ते क्रमानं लिहिते. मुलगा असो की मुलगी, क्रम तोच.

निवड तुमच्या हातात आहे का?

हॉस्टेल निवडायचा प्रश्न सगळ्यांना पडतच नाही. झुआरीनगरच्या बिट्स पिलानीत प्रवेश मिळाला असेल तर कॅम्पसवरच राहायचं, खोली संस्था देते, विषय संपला. फर्मागुडीच्या आयआयटीत आणि कुंकळ्ळीच्या एनआयटीतही खोल्यांचं वाटप संस्थाच करते. एनआयटी आधी फर्मागुडीलाच होती. कुंकळ्ळीच्या कॅम्पसचं उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झालं, पण जुन्या माहितीवर चालणारी माणसं अजून फर्मागुडीचाच पत्ता सांगतात, तिकडे जाऊन उभे राहू नका. अशा संस्थांची हॉस्टेलं 'बघून ठरवायला' जाण्यात काही राम नाही. जायचंच असेल तर येण्याजाण्याचा रस्ता आणि जवळचा दवाखाना बघून या.

दुसरा गट म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज, फर्मागुडीचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज यांच्यासारख्या सरकारी संस्थांचा. यांची स्वतःची वसतिगृहं आहेत. पण कॉलेजात जागा मिळाली म्हणजे वसतिगृहात खाट मिळाली असं समजू नका, त्याचा अर्ज वेगळा भरायचा असतो. इथं आपल्या कॉलेजचं हॉस्टेल आणि बाहेरचं एक, अशी दोनच नावं कागदावर ठेवा. पहिलं मिळालं तर दुसऱ्याला नम्रपणे नाही म्हणता येतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तिसऱ्या गटात. "युनिव्हर्सिटीचं हॉस्टेल आहे ना ताळगावला? तेच बघू." गोवा विद्यापीठाचं काम १ जून १९८५ पासून सुरू झालं. त्याआधी इथली कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. आता ती गोवा विद्यापीठाला जोडलेली आहेत, पण जोडलेली म्हणजे तिथं भरणारी नव्हे. बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.ची मुलं शिकतात ती गावोगावच्या कॉलेजांत: मिरामारचं धेंपे, मडगावचं चौगुले, म्हापशाचं सेंट झेवियर्स, नुव्याचं मुलींचं कार्मेल, नाहीतर साखळी, खांडोळा, केपे, पेडणे इथली सरकारी कॉलेजं. ताळगावच्या पठारावर चालतात ते मुख्यतः एम.ए., एम.एस्सी.चे वर्ग आणि संशोधन, आणि तिथल्या हॉस्टेलमध्ये राहणारीही मुख्यतः तीच मुलं. भाचीच्या कागदावर हे नाव सगळ्यात वर होतं, दोनदा अधोरेखित केलेलं. तिला जायचं होतं पणजीतल्या कॉलेजात बी.एस्सी.ला. पेन्सिल घेतली आणि पहिलं नाव खोडलं. पाच वर्षांनी एम.एस्सी.ला आलीस की बघू म्हटलं, तर म्हणाली, "मावशी, तीन वर्षांनी." हिशेबात हुशार आहे.

उरतात ती ट्रस्टची वसतिगृहं, नन्सनी चालवलेली मुलींची हॉस्टेलं, खासगी हॉस्टेलं आणि 'पीजी' म्हणून भाड्यानं मिळणाऱ्या खोल्या. खरी निवड इथं आहे.

रविवारची संध्याकाळ

आता नकाशा मिटून ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: रविवारी संध्याकाळी मुलगी घरून निघाली तर हॉस्टेलच्या दारात किती वाजता पोचेल?

पहिल्या वर्षाची मुलं दर पंधरा दिवसांनी घरी पळतात. सुरुवातीला तर दर शनिवारी. सोमवारी पहाटे निघून लेक्चर गाठीन म्हणणाऱ्यांचं पहिलं लेक्चर कायमचं बुडतं, म्हणून परतायचं रविवारीच. आणि रविवारी खासगी बसगाड्या कमी धावतात. अंधार पडला की आतल्या गावांच्या मार्गांवर तर त्या दिसेनाशाच होतात. पणजीहून म्हापसा, फोंडा, मडगाव, वास्को या चार दिशांना कदंबच्या, म्हणजे सरकारी, गाड्या असतात, त्यामुळे त्या वाटेवरचं हॉस्टेल असलं तर निभावतं. पणजीच्या बसस्टँडवर उतरून पुढं आणखी दोन गाड्या बदलायच्या असतील तर नाव खोडायचं. कितीही सुंदर असो.

आमच्या कागदावर दोनापावलाच्या बाजूचं एक हॉस्टेल होतं. फोटोत गच्चीवरून नदीचं मुख दिसत होतं. ताई हळहळली. मी हिशेब मांडला: दोडामार्गहून निघून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून पुढची बस, मग चढणीवरचा रस्ता, हातात आईनं भरून दिलेली पिशवी. आणि फाटक साडेसातला बंद. खोडलं.

कुडाळ-कणकवलीकडच्यांना रेल्वे सोयीची वाटते आणि ती आहेही. मांडवी आणि कोकणकन्या या गाड्या मडगावपर्यंत येतात. पण स्टेशन आणि शहर यांची गल्लत करू नका. म्हापशासाठी उतरायचं थिवीला, पणजीसाठी करमळीला, आणि दोन्हीकडे स्टेशनावरून शहरात यायला पुन्हा वाहन लागतं. त्यात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. पावसात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे प्रवासाचा वेळ वाढतो. म्हणजे तुमचं पहिलं सत्र नेमकं त्याच वेळापत्रकात सुरू होणार. गाडी उशिरा आली तर निरोप दिल्यावर फाटक उघडतात का, हे हॉस्टेलला आधीच विचारून ठेवा. शेवटच्या दोन किलोमीटरसाठी 'पायलट' असतो, म्हणजे पिवळ्या मडगार्डाची मोटारसायकल टॅक्सी. नवख्यांना हा शब्द ऐकून विमानतळ आठवतो, त्यांनी घाबरू नये.

हॉस्टेल ते कॉलेज अंतरही याच वेळी मोजा, पण किलोमीटरमध्ये नको. छत्री धरून, चप्पल घसरत, दप्तर पोटाशी घेऊन चालताना किती मिनिटं लागतील त्यात मोजा. आर्किटेक्चर किंवा आर्ट कॉलेजला जाणाऱ्यांसाठी खास सांगते, ही कॉलेजं पणजीच्या आल्तिनोवर आहेत, आणि आल्तिनो ही टेकडी आहे. खाली राहिलात तर रोज चढ आहे.

या एका प्रश्नावर आमची पाच नावं गेली.

जाण्याआधी फोन

उरलेल्या पाच ठिकाणी मी सकाळी दहाला फोन लावले. फोनवर खोली कशी आहे ते विचारायचं नाही, सगळे चांगलीच सांगतात. विचारायचं ते असं की उत्तर हो, नाही किंवा आकड्यात यावं.

पहिल्या वर्षाच्या मुलीला जागा आहे का, आणि ती नक्की कधी कळेल? एका ठिकाणी उत्तर आलं, "या, बघून घ्या, मग बोलू." तीनदा विचारलं, तीनदा तेच. म्हणजे जागा नाही, नाहीतर भाव ठरायचा आहे. खोडलं.

पहिल्या वर्षाच्या मुली कुठल्या मजल्यावर किंवा कुठल्या इमारतीत असतात? हा प्रश्न फार महत्त्वाचा. रॅगिंग रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम आहेत. त्यात नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावं, आणि ते जमत नसेल तर मोठ्या मुलांच्या तिथल्या ये-जा करण्यावर वॉर्डननं कडक लक्ष ठेवावं असं सांगितलेलं आहे. कॉलेजच्या हॉस्टेलला याचं उत्तर तोंडपाठ असायला हवं. खासगी हॉस्टेलवालीला नियम ठाऊक नसेल, पण प्रश्न ऐकून ती चिडते की विचार करते, हे ऐकू येतंच. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. तो मुलीच्या फोनमध्ये आणि पाकिटातल्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे असू द्या.

फाटक किती वाजता बंद होतं, आणि प्रॅक्टिकल लांबलं तर काय?

आणि चतुर्थीला मेस किती दिवस बंद असते? हा प्रश्न गोव्याचा खास. गणपतीत इथं अख्खा गाव आपापल्या मूळ घरी जातो, स्वयंपाकीणही जाते, आणि ते बरोबरच आहे. आपली कोकणातली मुलंही घरी जातातच. पण परत येण्याचा दिवस आणि मेस उघडण्याचा दिवस यात दोन दिवसांचं अंतर पडलं तर पोरं बिस्किटांवर राहतात.

फोनच्या पलीकडच्या आवाजाकडेही लक्ष ठेवा. एका ठिकाणी बाईंनी सगळी उत्तरं दिली, पण मध्येच कोणा मुलीवर इतक्या खेकसल्या की मी फोन कानापासून लांब धरला. तेही नाव गेलं. ताई म्हणाली, "शिस्त असेल गं." असेल. मला नको ती शिस्त.

पावसात जा

आता खऱ्या मुद्द्यावर येते. हॉस्टेल बघायला मे महिन्यात जाऊ नका. मे महिन्यात गोव्यातली प्रत्येक खोली चांगली असते. भिंती कोरड्या, खिडकीतून वारा, अंगणात आंब्याची सावली. मी १९९६ साली अशाच एका खोलीला भुलले. पश्चिमेला मोठी खिडकी, बाहेर माड, संध्याकाळी सूर्य सरळ खाटेवर. माझ्या बाबांनीही मान हलवली. हॉस्टेलचं नाव सांगत नाही, चालवणारी माणसं चांगलीच होती, खिडकी चुकीच्या दिशेला होती एवढंच.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वारा फिरला. मोसमी वारा नैऋत्येकडून येतो हे भूगोलात पाठ केलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या उशीला आधी कळला. खिडकी बंद केली तरी फटीतून झड आत यायची. गादी भिंतीपासून लांब ओढली तर खाट दारात यायची. जुलैत एके दिवशी पेटी उघडली, तर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट-पांढरी लव उगवली होती, बोट लावलं की उडायची. दहावीचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत होतं म्हणून वाचलं. बारावीची मार्कशीट नुसतीच कागदात गुंडाळलेली होती, तिच्या कडेनं चहा सांडल्यासारखी तपकिरी रेघ आली. ती रेघ अजून आहे. नोकरीच्या प्रत्येक मुलाखतीत कोणी ना कोणी विचारलंच, "हे काय झालं?"

म्हणून पहिला दणकून पाऊस पडून गेला की मग जा. गोव्यात पाऊस बहुधा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात धरतो आणि कॉलेजं त्याच सुमारास, नाहीतर थोडी मागून सुरू होतात, तेवढी फट सापडते. प्रवेशाच्या घाईमुळे मे महिन्यातच पैसे भरावे लागणार असतील तर निदान एवढं बघा:

खोलीत शिरलात की आधी नाकानं बघा. कपाटाचं दार उघडून आत तोंड घाला, लाज वाटू देऊ नका. कोंदट वास आला तर तो जुलैत दसपट होणार. मग भिंतीचा खालचा हातभर भाग बघा. चिऱ्याची भिंत पाणी ओढते, आणि नवा रंग दिलेला असला तरी ओल असलेल्या ठिकाणी रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसतात. खाट ओढून मागची भिंत बघा, कारण रंगारी खाटेमागं सहसा घाम गाळत नाही. खिडकीवर झडप किंवा पुढं आलेला सज्जा आहे का? खोली पश्चिमेला किंवा दक्षिणेला उघडत असेल तर हे नसून चालणारच नाही. आणि कपडे वाळत कुठं घालतात? "गच्चीवर" हे मे महिन्याचं उत्तर आहे. जुलैचं उत्तर हवं. छप्पर घातलेली जागा, नाहीतर निदान पंख्याखाली दोऱ्या बांधायची परवानगी.

आम्ही गेलो त्या दिवशी सकाळपासून पाऊस धो-धो होता. ताई म्हणाली, उद्या जाऊ. मी म्हटलं, आजच. पहिल्या ठिकाणी पोचलो तर जिन्यात तीन बालद्या ठेवलेल्या, टप टप टप. वॉर्डनबाई ओशाळल्या. खरं सांगायचं तर त्या बालद्या बघून मी लगेच फुली मारली नाही. गळणारं छप्पर गोव्यात सगळ्यांकडे असतं. बालदी ठेवलीय म्हणजे कोणीतरी बघतंय. दुसऱ्या ठिकाणी बालदी नव्हती, पाणी तसंच पायऱ्यांवरून वाहत होतं, आणि मुली त्यावरून चपला वाजवत जात होत्या, कोणालाच काही वाटत नव्हतं. ते मला जास्त खटकलं.

तिथल्याच स्वयंपाकघरातल्या बाईला मी विचारलं, रोजच असं असतं का? ती हसली. "आज पावस खूब आसा. पावसांत येवन पळयलें तें बरें केलें गो." म्हणजे पावसात येऊन बघितलंत ते बरं केलंत. तिनं ते कौतुकानं म्हटलं की हॉस्टेलबद्दलचा इशारा दिला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाऊस असला तरी नळाचं पाणी विचारायचंच. वरून पाणी कोसळतंय आणि नळ कोरडा, हे इथं होतं. पणजी-फोंड्याकडचं पाणी ओपाहून येतं, बार्देशला अस्नोड्याहून, दक्षिणेला साळावलीहून. मोठी पाइपलाइन फुटली की एकाच वेळी अर्ध्या तालुक्याचे नळ बंद. म्हणून "पाणी चोवीस तास आहे ना?" असं विचारण्यापेक्षा "मागच्या वेळी पाणी गेलं तेव्हा काय केलंत?" असं विचारा. विहीर, टाकी, टँकर, काहीतरी ठोस सांगितलं पाहिजे. विजेचंही तसंच. इन्व्हर्टर आहे म्हणतात, तो पंख्याला पुरतो की नुसत्या जिन्यातल्या दिव्याला, ते विचारा.

किती वाजता पोचायचं

तीन ठिकाणं, एक दिवस. सकाळचं पहिलं ठिकाण साडेसात-आठला गाठा, परवानगी आधी घेऊन. त्या वेळी न्हाणीघरापाशी रांग दिसते. किती मुली, किती दारं, बालद्यांवर नावं लिहिलीत का, हे कोणी सांगण्याची गरजच राहत नाही. रस्त्यावर पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो, पाव घ्यायला मुली धावतात की मेसचा नाश्ता मुकाट खातात, तेही दिसतं.

दुसरं ठिकाण जेवणाच्या वेळी. पैसे देऊन एक ताट मागा, बहुतेक ठिकाणी देतात. इथं एक बारीक गोष्ट. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्यामुळे जूनमध्ये हॉस्टेलच्या ताटात ताजा बांगडा दिसला नाही म्हणून नाक मुरडू नका, आणि फोनवर "रोज मासे" ऐकलं असेल तर त्यालाही भुलू नका. या दिवसांत मेसची पारख करायची ती डाळ, उसळ आणि भातावर. डाळ ताटात पसरल्यावर ताटाची नक्षी दिसली तर समजून जा. उकडा तांदूळ आहे की सुरय, म्हणजे न उकडलेला, हेही बघा. आमच्या भाचीला उकड्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. ज्यांना सवय नाही त्यांना तो पहिले आठ दिवस रबरासारखा लागतो.

तिसरं ठिकाण संध्याकाळी सहानंतर, मुली कॉलेजातून आल्यावर. इथं वॉर्डनपेक्षा मुलींशी बोलायचं, आणि आईबापांनी पाच मिनिटं बाहेर जायचं. ताईला मी ओढून पावसात फाटकापाशी नेलं. भाचीनं एकटीनं विचारलं. तिला कळलं की रात्री अकराला वायफाय बंद करतात, आजारी पडल्यावर दवाखान्यात नेणारी म्हणून दुसऱ्या मजल्यावरची एक दीदी आहे, वॉर्डन नव्हे, आणि परीक्षेच्या दिवसांत अभ्यासिका भरून मुली जिन्यावर बसतात. यातलं एकही वाक्य आम्हाला ऑफिसात ऐकू आलं नव्हतं.

पणजीत राहणाऱ्यांसाठी अभ्यासिका लहान असणं ही फुली मारण्याइतकी गोष्ट नाही. पाटोला कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनचं, बसस्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि तिथं मराठी पुस्तकांची कपाटंच्या कपाटं आहेत. मी परीक्षेचे कितीतरी दिवस ग्रंथालयांतच काढले, खोलीत ओल होती म्हणून.

पीजीबद्दल दोन शब्द

मित्रमैत्रिणी मिळून फ्लॅट घेऊ म्हणतात. पहिल्या वर्षी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं वाईट असतात म्हणून नव्हे. गॅस, भांडी, वीजबिल, घरमालक आणि पहिली सेमिस्टर हे सगळं एकदम अंगावर घ्यायचं कशाला? तरी घ्यायचंच झालं तर किनारपट्टीपासून लांब बघा. समुद्राजवळच्या घरमालकाला पावसाळ्यात विद्यार्थी प्यारे असतात आणि डिसेंबरमध्ये पर्यटक. भाडं वर्षभर तेच राहील हे करारात लिहून घ्या, आणि भाडेकरू म्हणून पोलिसांत पडताळणीचा फॉर्म भरला गेला का ते स्वतः बघा.

पैसे

बघायला गेल्या दिवशी पैसे देऊ नका. "आजच भरा, नाहीतर जागा जाईल" हे जवळजवळ सगळे म्हणतात आणि कधीकधी ते खरंही असतं, पण अनामत परत कधी आणि कशी मिळणार हे कागदावर नसेल तर जागा गेलेली बरी. पावती शिक्क्यासकट. मेसचे पैसे भाड्यात की वेगळे, सुट्टीत मेस बंद असताना कापतात का, हे लिहून घ्या. खासगी हॉस्टेलवाले कधी बिलावर जीएसटी लावतात. दरमहा माणशी २०,००० रुपयांपर्यंतचं भाडं आणि सलग ९० दिवसांचा मुक्काम असेल तर २०२४ पासून त्यावर जीएसटी माफ आहे, तेव्हा शांतपणे विचारा. आमच्यासमोर एका बाईंनी तो आकडा पेनानं खोडला आणि म्हणाल्या, "कॉम्प्युटरनं घातला."

शेवटची पायरी, घरी आल्यावर

आम्ही रात्री भिजून डिचोलीला परतलो. ताई म्हणाली, झालं, आता ठरवू. मी म्हटलं, थांब, साडेदहा वाजू देत. साडेदहाला तिन्ही ठिकाणी हॉस्टेलच्या नंबरवर फोन लावला, आपल्या कोणाला रात्री काही झालं तर लावू तसाच. पहिला वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्यावर रेकॉर्ड केलेला आवाज आला, सकाळी नऊनंतर संपर्क साधा. तिसरा दोन घंटांतच उचलला. झोपाळलेला पुरुषी आवाज, मागं पावसाचा पत्र्यावरचा ताशा.

"कोण पाहिजे बाई? मुलीचं नाव सांगा, मी वर जाऊन हाक मारतो."

मी म्हटलं, अजून आलेली नाही ती. पुढच्या आठवड्यात येईल.